चंद्रावरच्या भाषेचे सूर

कल्पित जगासाठी भाषा रचायची आणि तिच्यात सुराला अर्थ द्यायचा, हा उद्योग अलीकडचा वाटतो. पण त्याला जवळजवळ चारशे वर्षे झाली. १६३८ साली लंडनमध्ये ‘द मॅन इन द मून’ नावाचे एक छोटेखानी पुस्तक निघाले. लेखक म्हणून डोमिंगो गोन्सालेस या स्पॅनिश माणसाचे नाव होते. खरा लेखक हेरफर्डचा बिशप फ्रान्सिस गॉडविन, आणि तो पाच वर्षांपूर्वीच वारला होता. या कथेतला गोन्सालेस माणसाळवलेल्या रानहंसांच्या थव्याला बैठक बांधून चंद्रावर पोचतो आणि तिथल्या उंचपुऱ्या, सदाचारी लोकांची भाषा शिकतो. त्या भाषेविषयी तो दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की तिच्यात शब्द थोडे आहेत, एकेका शब्दाला अनेक अर्थ आहेत आणि कोणता घ्यायचा ते चालीवरून ठरते. दुसरी अशी की पुष्कळ शब्दांत अक्षरे नसतातच, नुसती चाल हाच शब्द. वाचणारा या दोन विधानांवरून एका दमात पुढे जातो. प्रत्यक्षात पहिले विधान पृथ्वीवरच्या कोट्यवधी माणसांच्या बोलण्याचे बऱ्यापैकी नेमके वर्णन आहे. दुसऱ्यासारखा शब्दसंग्रह मात्र माणसाच्या एकाही ज्ञात बोलभाषेचा नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर मारलेली ही उडी पुढची तीनशे वर्षे सूरभाषा रचणारे पुन्हा पुन्हा मारत राहिले. त्याचे कारण त्यांच्या कल्पनाशक्तीत शोधू नये. सूर भाषेत येतो कुठून हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ज्याचा भूतकाळ माहीत नाही त्याचे व्याकरणही रचता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

गॉडविनला पहिले विधान सुचले कसे, याचा माग सरळ चीनमध्ये जातो, आणि वाटेत गोवा लागतो. मातेओ रिची हा इटालियन जेझुइट १५७८ साली गोव्यात उतरला आणि १५८२ मध्ये मकावला निघेपर्यंतची वर्षे त्याने गोवा आणि कोचीनमध्ये काढली. पुढे ‘क्रिस्तपुराण’ रचणारा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये त्याच बंदरावर आला. एक मराठीकडे वळला, दुसरा चिनीकडे. चिनी भाषेने रिचीपुढे जो प्रश्न टाकला तो स्टीफन्सच्या वाट्याला कधी आला नाही: तोंडातून निघालेले अक्षर तेच, पण आवाजाचा चढउतार बदलला की शब्दच दुसरा. १५९८ च्या सुमाराला चीनमधल्या लांबलचक नौकाप्रवासात रिची आणि त्याचे सहकारी शब्दकोशाला बसले, तेव्हा या चढउतारांची वर्गवारी करायचे काम लाझारो कात्तानेओकडे गेले, कारण त्या मंडळीत गाण्याचा कान त्याचा होता. त्याने पाच सूर ओळखले आणि प्रत्येकाला एक खूण ठरवली. याच कात्तानेओने दिएगो दे पांतोहा या सोबत्याला वाद्य शिकवले आणि पांतोहाने ते पेकिंगच्या राजवाड्यातल्या नपुंसक सेवकांना. रिचीच्या नोंदींवरून निकोला त्रिगोने केलेला लॅटिन ग्रंथ १६१५ मध्ये युरोपात छापला गेला आणि चिनी भाषेच्या पाच सुरांची वार्ता सुशिक्षितांमध्ये पसरली. गॉडविनने ती वाचली होती हे त्याची गोष्टच सांगते: गोन्सालेस चंद्रावरून परतताना उतरतो तो चीनमध्ये, तिथल्या अधिकाऱ्यांच्या बोलीत त्याला चंद्रावरच्या भाषेसारखी चाल ऐकू येते, आणि पुस्तकात पांतोहाचे नावही येते.

कात्तानेओच्या कानाबद्दल शंका नाही. त्याने केलेली खूण अक्षरावर बसत होती, म्हणजे सूर हा अक्षराचाच भाग आहे हे त्याच्या हाताला कळले होते. अलेक्झांड्र द ऱ्होडने व्हिएतनामी भाषेचा कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला तोही अशाच खुणा घेऊन, आणि आजची व्हिएतनामी लिपी त्याच खुणा वापरते. पण हे सगळे युरोपातल्या वाचकापर्यंत पोचताना ‘ते लोक गाऊन बोलतात’ एवढेच उरले. वाचकाकडे आवाजाच्या उंचीसाठी एकच परिभाषा होती, ती म्हणजे संगीताची. खुद्द चिनी विद्वानांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. पाचव्या शतकाच्या अखेरीस शेन युए आणि त्याच्या बरोबरीच्या कवींनी चार सुरांना नावे दिली. लिआंग राजघराण्याच्या सम्राटाने ‘हे चार सूर म्हणजे काय?’ असे विचारले तेव्हा दरबाऱ्याने सम्राटाची स्तुती करणारे चार शब्द उच्चारले, एकेका सुराचा एकेक. व्याख्याही झाली आणि खुशामतही. ६०१ सालच्या ‘छिएयुन’ या यमककोशाचे भागच सुरांनुसार पाडले आहेत. चिनी परंपरेत सूर ही यमकाची, म्हणजे अक्षराच्या बांधणीची बाब होती. ही जाणीव भारतातून बौद्ध पठणाबरोबर गेली, वेदांच्या उदात्त, अनुदात्त, स्वरित या तीन स्वरांवरून चिन्यांना आपले सूर उमगले, असे इतिहासकार छेन यिन्के यांनी १९३४ मध्ये मांडले. कल्पना मोहक आहे. पण बौद्ध भिक्षू वेदांचे सस्वर पठण कशाला करतील, हा आक्षेप तिला जड जातो, म्हणून तिच्यावर मी काही उभारत नाही.

इथे मराठी वाचकाला वाटेल की सुराने अर्थ बदलणे आपल्यालाही नवे नाही. ‘बरं’ हा शब्द होकाराला, धमकीला, कंटाळ्याला, प्रश्नाला चालतो, आणि फरक असतो तो केवळ आवाजाच्या चढउतारात. मात्र या सगळ्या ठिकाणी शब्द ‘बरं’च राहतो, बदलतो तो बोलणाऱ्याचा भाव. चिनी ‘मा’चा सूर बदलला तर आईचा घोडा होतो, आणि बोलणारा चिडलेला आहे की लाडात आला आहे याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. भावाचा चढउतार आणि शब्दाचा सूर अशा दोन वेगळ्या गोष्टी एकाच गळ्यातून निघतात. जुन्या कल्पित भाषांनी गल्लत केली ती इथेच. चंद्रावरच्या लोकांचे गाणे त्यांच्या निष्पापपणाचे, सौहार्दाचे लक्षण म्हणून येते; म्हणजे भावाचे काम शब्दाच्या सुराकडे गेले.

गॉडविनने दोन नमुने तर सांगीतिक लिपीत छापले आहेत: देवाचा गौरव करणारे एक लॅटिन वचन आणि गोन्सालेसचे स्वतःचे नाव. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ते उलगडले तेव्हा आढळले ते असे की रोमन वर्णमालेतल्या एकेका अक्षराच्या जागी एकेक सांगीतिक स्वर ठेवला आहे. ही भाषा नाहीच, सांकेतिक लिपी आहे, आणि तीही लॅटिनची. गॉडविनच्याच काळातल्या जॉन विल्किन्सने मात्र हे तेव्हाच हेरले होते. १६४१ मधल्या ‘मर्क्युरी’ या गुप्तलेखनावरच्या पुस्तकात त्याने गॉडविनची युक्ती घेतली आणि नुसत्या स्वरांची भाषा सर्व देशांना समान होईल अशी आशा मांडली. पण १६६८ मध्ये त्याने वैश्विक भाषेचा आपला मोठा आराखडा प्रसिद्ध केला त्यात सुरांना स्थान दिले नाही. उलट चिनी भाषेचे दोष सांगताना तिच्या सुरांमुळे उच्चार कठीण होतो असे म्हटले. दरम्यान सिरानो द बेर्जेराकच्या मरणोत्तर छापलेल्या चंद्रकथेत उच्चवर्णीय चंद्रवासी निव्वळ सुरांत बोलतात आणि सामान्यजन अंगविक्षेपांनी. सूर म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूत १९६१ मधल्या जॅक व्हॅन्सच्या ‘द मून मॉथ’ या कथेपर्यंत टिकून राहिली. तिच्यात माणसे एकमेकांशी वाद्यांच्या साथीने गात बोलतात आणि चुकीचे वाद्य उचलणे हा जिवावर बेतणारा अपमान ठरतो.

या सगळ्यांत खरी मेहनत केली ती झां-फ्रांस्वा सुद्र या फ्रेंच संगीतशिक्षकाने. १७८७ मध्ये जन्मलेल्या सुद्रने आयुष्यभर ‘सोलरेसोल’ नावाची भाषा घडवली; तिचा कोश त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, निघाला. सात सांगीतिक स्वर हीच तिची वर्णमाला. शक्यता मोजल्या तर एका स्वराचे ७ शब्द, दोन स्वरांचे ४९, तीन स्वरांचे ३४३, चारांचे २४०१: एवढ्या घरांत त्याने जग बसवायला घेतले. पहिल्या स्वरावरून विषय ठरतो. शब्द उलटा केला की अर्थ उलटतो, म्हणून ‘दो-मि-सोल’ म्हणजे देव आणि ‘सोल-मि-दो’ म्हणजे सैतान. एकच स्वर दोनदा म्हटला की काळ कळतो. ‘मि-मि’ हा भविष्यकाळ. शब्दातल्या कोणत्या स्वरावर जोर द्यायचा त्यावरून क्रियापद, नाम, विशेषण ठरते. ही भाषा बोलता, गाता, वाजवता येते, आणि बिगुलाने लष्करी आदेश पाठवण्याचे प्रयोगही सुद्रने फ्रेंच अधिकाऱ्यांपुढे करून दाखवले. या माणसाच्या चिकाटीपुढे मान लवते. तरीही सोलरेसोलला सूरभाषा म्हणता येणार नाही. तिच्यात सूर व्यंजनाच्या आणि स्वराच्या जोडीने काम करत नाही, त्यांच्या जागी बसतो. शिवाय ‘दो’ कोणता हे आधी ठरवावे लागते. खऱ्या सूरभाषेत लहान मूल, त्याची आई आणि त्याचे आजोबा एकच शब्द तीन निरनिराळ्या पट्ट्यांत म्हणतात आणि ऐकणारा गोंधळत नाही, कारण सूर उंच की खालचा हे शेजारच्या अक्षराच्या आणि त्याच गळ्याच्या तुलनेत ठरते. सोलरेसोलचा एकटा ‘फा’ कानावर पडला तर तो ‘फा’ आहे हे कळायला हाताशी पेटी हवी.

यावर कोणी म्हणेल की नुसत्या सुरांनी बोलणारे लोक खरोखर आहेत. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातले माझातेक लोक डोंगरावरून शिट्टीने सौदा ठरवतात. जॉर्ज काउअन यांनी १९४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. योरुबांचा बोलता ढोल प्रसिद्ध आहे. मग गॉडविनचे चुकले काय? दाखला मोठा आहे, पण तो आमच्याच बाजूचा निघतो. माझातेक ही आधीच सूरभाषा आहे. शिट्टी त्या बोललेल्या शब्दांचे सूर तेवढे उचलते आणि बाकीचे ऐकणारा प्रसंगावरून भरून घेतो. काँगो खोऱ्यातल्या ढोलांचा अभ्यास करणाऱ्या जॉन कॅरिंग्टन यांनी दाखवले की ढोल एकटा शब्द कधी वाजवत नाही. त्याच उंचसखलपणाचे दुसरे शब्द असतात, म्हणून प्रत्येक नामाला ठरलेली लांब शेपूट जोडावी लागते. व्यंजने आणि स्वर काढून घेतले की सूर किती तोकडा पडतो याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. आणि सूर म्हणजे गाणे असते तर कॅन्टोनीज गीतकाराचे काम सगळ्यांत सोपे झाले असते. ते सगळ्यांत अवघड आहे: चाल आधी हाती येते, आणि तिच्या चढउताराशी ज्यांचे सूर जुळतील असेच शब्द शोधावे लागतात, नाहीतर श्रोत्याला भलताच शब्द ऐकू येतो.

सूर येतो कुठून, याचे उत्तर १९५४ मध्ये मिळाले. त्याआधी आंरी मास्पेरो यांनी १९१२ मध्ये व्हिएतनामी भाषेला थाई भाषांच्या कुळाकडे ढकलले होते, कारण तिला सूर आहेत आणि तिच्या शब्दांशी साम्य दाखवणाऱ्या मोन-ख्मेर भाषांना नाहीत. सूर ही जणू रक्तात असणारी वस्तू, असती तर असती, नसती तर नसती. आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी तो समज मोडला. व्हिएतनामीला पूर्वी सूर नव्हतेच. शब्दांच्या शेवटी ‘स्’सारखा ध्वनी होता, कुठे कंठात अडकवलेला श्वास होता, कुठे काहीच नव्हते. हे अंत्य ध्वनी झिजले, आणि जाताना त्यांनी आधीच्या स्वरावर आवाजाची वेगवेगळी वळणे ठेवली. झाले तीन सूर. पुढे शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ग’ आणि ‘क’सारख्या जोड्यांतला भेद मिटला, आणि मृदू ध्वनीमागे आवाज खाली, कठोरामागे वर, असे तिन्हीचे सहा झाले. म्हणजे सूर हा हरवलेल्या ध्वनीचा वारस. पंजाबीत हेच आपल्या दाराशी घडले आहे. पंजाब्यांनी ‘घ, झ, ढ, ध, भ’ यांतला महाप्राण सोडला आणि त्याच्या जागी सूर आला: ‘घोडा’ तिथे ‘क’ने सुरू होतो, पण खालच्या सुरात; सपाट सुरात म्हटला तर तो चाबूक, उंच सुरात म्हटला तर महारोगी. लिपीत मात्र ‘घ’ आजही शाबूत आहे. मराठीने हे सगळे महाप्राण जपले, शिवाय ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ही राखले; सूरभाषा व्हायला लागणारा कच्चा माल आपल्या तोंडात भरपूर आहे, आपण तो खर्च केलेला नाही इतकेच.

त्याच १९५४ मध्ये टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड आला. त्याच्या एल्फांच्या भाषांची मदार सुरांवर नाही, पण त्याने भाषा रचणाऱ्यांना पद्धत दिली: आधी एक मूळ भाषा कल्पायची, ध्वनिबदलाचे नियम ठरवायचे आणि त्यांतून दोन वेगळ्या लेकी वाढवायच्या. ओद्रिकूरचा शोध आणि टोल्किनची पद्धत यांची गाठ पुढच्या पिढ्यांत पडली, आणि तिथून कल्पित सूरभाषेला व्याकरण मिळाले. समजा, कल्पित मूळ भाषेत अनेकवचनाला ‘-स्’ लागत होता आणि तो झिजला. आता अनेकवचन म्हणजे शेवटच्या अक्षराचा पडलेला सूर. ज्या शब्दांचा शेवट आधीच वेगळा होता तिथे हा नियम फसतो आणि अपवाद तयार होतात. कोणी बसून ते ठरवावे लागत नाहीत. प्रत्यय तोंडातून गेला, व्याकरणातून गेला नाही. हे हवेतले नाही: नायजेरियातल्या एडो भाषेत ‘मी दाखवतो’, ‘मी दाखवतोय’ आणि ‘मी दाखवलं’ यांत ध्वनी तेच राहतात, काळ सुरांच्या क्रमाने कळतो. सूर शेजाऱ्यामुळे बदलतोही. ‘नी हाओ’ या सर्वांना ठाऊक असलेल्या अभिवादनात दोन्ही शब्द मुळात तिसऱ्या सुराचे आहेत, पण एकापुढे एक आले की पहिला दुसऱ्या सुरात जातो. सोलरेसोलमध्ये असा बदल होऊच शकत नाही. तिथे ‘रे’ला ‘मि’ केले की शब्द मेला.

एक उदाहरण या मांडणीला अडचणीचे आहे, आणि ते टाळणे बरोबर नाही. सुझेट हेडन एल्गिन यांनी १९८२ पासून रचलेल्या ‘लाअदान’ या भाषेत उंच सुराची एकच खूण आहे, तिला हरवलेल्या व्यंजनांची वंशावळ नाही, तरी ती भाषा म्हणून उभी राहते. मग इतिहास हवाच कशाला? मला वाटते याचे उत्तर एल्गिन यांच्या शिक्षणात आहे. त्या भाषाशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांचा अभ्यास नावाहो भाषेचा होता. नावाहोत उंच सूर अगदी असाच खुणेने लिहितात. लाअदानमध्ये दोन सारखे स्वर शेजारी आले तर त्यांतल्या एकावर उंच सूर यावा लागतो, म्हणजे सूर अक्षरांच्या रचनेशी बांधलेला आहे. तेव्हा माझे विधान थोडे आवरून घ्यायला हवे. प्रत्येक कल्पित सुराची जन्मकथा सांगितलीच पाहिजे असे नाही. पण इतिहास भाषेत जी वागणूक मागे ठेवतो, ती वागणूक सुरात दिसली पाहिजे. आणि ती एल्गिन यांना जिवंत भाषेतून मिळाली.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला आहे. कादंबरीच्या पानावर सूर ऐकू येत नाही, अक्षरावर टोपी तेवढी दिसते. पडद्यावर ऐकू येतो तर प्रेक्षकाला तो भाव वाटतो. ‘अवतार’साठी पॉल फ्रॉमर यांनी जेम्स कॅमेरॉन यांना ध्वनींचे तीन नमुने दिले होते: एकात स्वरांचा ऱ्हस्वदीर्घ भेद, एकात सूर, एकात श्वास अडवून झटक्याने सोडलेली व्यंजने. निवड झाली ती झटक्यांची. निवड समजण्यासारखी आहे, कारण झटका कोणत्याही कानाला परका लागतो. पण यावरून सूर कथेत निरुपयोगी ठरत नाही. त्याला मागे रेंगाळू न देता कथानकात ओढावे लागते, एवढेच ठरते. तसे करणारी गोष्ट आपल्याकडे वेदवाङ्मयात आहे आणि पतंजलीने ‘महाभाष्या’च्या आरंभी व्याकरण का शिकावे हे सांगताना तिचा आधार घेतला आहे. वैदिक संस्कृतात चिनीसारखे प्रत्येक अक्षराला सूर नाहीत, शब्दात एक उंच अक्षर असते. पण गोष्टीला तेवढे पुरते. मुलाच्या वधाने संतापलेला त्वष्टा इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून आहुती देतो आणि ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारतो. उंच सूर शेवटच्या अक्षरावर असता तर अर्थ झाला असता इंद्राचा संहारक. तो पहिल्या अक्षरावर पडला, समास बदलला, आणि अर्थ झाला इंद्र ज्याचा संहारक आहे तो. तो पुत्र, वृत्र, जन्मला, वाढला आणि इंद्राच्या हातून मेला. उदात्त स्वर कानाने कधी न ऐकलेल्या वाचकालाही यात नेमके काय चुकले ते कळते.